डबीवरचं डाळिंब

बाळीवेशीतल्या सलूनच्या खुर्चीवरून रावजीकाका अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून उठले आणि रस्ता ओलांडून समोरच्या सलूनात जाऊन बसले, त्या दिवशी विरेश हडपदनं हातातला वस्तरा आरशावर फेकून मारला. आरसा फुटला नाही, खालच्या कोपऱ्यात तडा तेवढा गेला. बाकावर नंबर लावून बसलेली दोन माणसं एकमेकांकडं बघत हळूच बाहेर सटकली.

रावजीकाका म्हणजे काही आलतूफालतू गिऱ्हाईक नव्हतं. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त होऊन ते सोलापुरात आले तेव्हापासून त्यांची दाढी हडपदांच्याच हातची. आधी विरेशचे वडील मल्लप्पा करायचे, मग विरेश. त्या दिवशी विरेशनं एक गाल साफ केला, दुसऱ्या गालावर बोट टेकवलं, आणि काकांनी त्याचं मनगट धरलं.

"विरेश, हाताला काय झालंय रे तुझ्या? खरूज तर न्हाय?"

"न्हाय काका. ॲलर्जी हाय म्हनत्यात."

"आसंल बाबा. पर माज्या तोंडाला लागायला नगं."

एवढंच. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. काकांनी गळ्यातलं फडकं स्वतःच सोडून नीट घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि ते निघून गेले. ती घडी विरेशला शिवीपेक्षा जास्त लागली.

विरेशच्या नाकावर राग कायमचाच. लाईट गेली की राग, कात्रीला धार नसली की राग, पोरं मोबाइलमधला फोटो दाखवून "असे केस काप" म्हणाली की राग. पण हात मात्र असा हलका, की गिऱ्हाईक खुर्चीत मान टाकून घोरायला लागायचं. त्या हातावरच लोक त्याचं तोंड सहन करायचे, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. मल्लप्पांनी साबणाची वडी, ब्रश आणि तुरटी एवढ्यावर जन्म काढला. विरेशनं दुकानाला काच लावली, गोल फिरणाऱ्या खुर्च्या आणल्या आणि फेशियल सुरू केलं. लग्नसराईत नवरदेव यायचे, त्यांच्याबरोबर करवले यायचे, गालाला क्रीम थापून डोळे मिटून रांगेनं पडायचे. विरेश सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्या बोटांनी ते क्रीम चोळायचा. हातमोजे घालून गाल चोळणं म्हणजे पोत्यावरनं पीठ मळणं, असं तो म्हणायचा.

मग बोटांच्या बेचक्यात पाण्यानं भरलेल्या बारीक पुळ्या उठल्या. खाज अशी, की खुर्चीच्या लोखंडी कडेवर हात घासून घ्यावा. पुळ्या फुटल्या, कातडं सोलवटलं, बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या. थंडीत त्या चिरांतून रक्त यायचं. कडक भाकरी मोडता येईना. बायको शिवलीला ताटात चुरून द्यायची, वर आमटी ओतायची. लहान पोरासारखं आपल्याला कुणी चुरून देतंय, याचाही त्याला राग. तो राग कुणावर काढायचा, तर शिवलीलावर.

"भांडी घासायचा साबन बदल म्हनलं हुतं तुला!"

"अवो, भांडी मी घासते. हात तुमचं फाटल्यात. माजं का फाटंनात?" शिवलीला शांतपणे विचारायची. विरेश ताटावरून उठायचा.

औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या ट्यूबनं आठवड्यात खाज पळाली आणि पुढच्या आठवड्यात दुपटीनं परत आली. मग तो नवी पेठेत शिवानंद शेठकडं गेला. शेठचं दुकान पार्लर आणि सलूनच्या मालाचं. निम्म्या गावाची क्रीमं, जेलं, फेस तिथूनच जायचे. शेठनं विरेशचे हात लांबूनच पाहिले आणि फळीवरून हिरव्या जेलची भलीमोठी डबी काढली. डबीवर कोरफडीचं ओलंगार पान.

"हे लाव. निव्वळ कोरफड. केमिकलचं नाव न्हाय ह्यात."

विरेशनं विश्वास ठेवला. झोपताना दोन्ही हातांना जाड थर द्यायचा, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायच्या. हात सुजले, मनगटापर्यंत लाल चट्टे चढले. शेठ म्हणाला, "म्हंजे दुखणं आतलं हाय. पित्त. तिखट बंद कर." विरेशनं शेंगाचटणी सोडली, वांगं सोडलं, महिनाभर ताकभातावर राहिला. सोलापूरच्या माणसानं शेंगाचटणी सोडायची म्हणजे काय, ते सोलापूरच्या माणसालाच विचारावं. हात तसेच राहिले. त्यात रावजीकाका उठून गेले, आणि वेशीत बातमी फिरली की हडपदाच्या पोराच्या हाताला काहीतरी लागण झालीय.

त्याच सुमारास एका रविवारी भाची आरोही जेवायला आली. विरेशच्या थोरल्या बहिणीची, अक्कलकोटची पोर. सोलापुरात राहून तिनं एम.एस्सी. केलं होतं आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती संशोधनाच्या कामाला होती. मामाचे हात बघून तिचा घास हातातच राहिला.

"मामा, दुकानात काय काय वापरता तुम्ही? मला डब्या दाखवा. सगळ्या."

जेवण अर्धं टाकून दोघं दुकानात गेले. आरोहीनं डब्यांच्या मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांचे मोबाइलवर फोटो काढले, बोटांनी ताणून मोठे केले आणि एकेक वाचू लागली. फेशियलचं क्रीम. दाढीचं जेल. मसाजचं क्रीम. मग हिरवी डबी. तिथं ती थांबली, आणि तिचा चेहरा पडला.

"ह्यातपण आहे."

"काय हाय?"

"मिथाइलआयसोथायाझोलिनोन."

"मराठीत सांग की."

"क्रीममध्ये पाणी असतं ना मामा, आणि पाणी म्हटलं की बुरशी आली, जंतू आले. क्रीम डबीत कुजू नये म्हणून त्यात असलं काहीतरी घालतात. सगळी वाईट नसतात, आणि न घालूनही चालत नाही. पण हे जरा डांबरट आहे. पुष्कळांच्या कातडीला सोसत नाही."

"आन ह्या कोरफडीत?"

"कोरफडीचं पाणीच ते. टिकवायला तेच घातलंय."

 ज्यानं हात जळत होते तेच विरेश औषध म्हणून थापत होता, आणि वर हात पिशवीत बांधून ठेवत होता. त्यानं ती डबी उचलली, दाराबाहेर गेला आणि गटारात उपडी केली. हिरवा गोळा पडेपर्यंत बुडावर थापा मारत राहिला.

आरोहीचं काम नेमकं त्याच क्रीम टिकवायच्या औषधाशी निगडित होतं. माणसाच्या कातडीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, त्यावर ते टिकवण्याचं औषध सोडायचं आणि किती मरतात ते पाहायचं. दुसऱ्या बशीत आधी डाळिंबाच्या सालीचा अर्क घालायचा, मग औषध सोडायचं. सांगोल्याकडच्या डाळिंबांची साल रसवाले फेकूनच देतात; ती सुकवून, कुटून तिनं अर्क काढला होता. "अर्क घातलेल्या बशीत पुष्कळ जास्त पेशी वाचतात मामा," ती म्हणाली. म्हणताना तिच्या आवाजात अभिमान होता, आणि विरेशनं तेवढंच ऐकलं.

पण आधी तिनं त्याला सरकारी दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी त्याच्या पाठीवर चौकटी-चौकटींची पट्टी चिकटवली. प्रत्येक चौकटीत एकेक पदार्थ. पट्टी काढेपर्यंत आंघोळ नाही, घाम येऊ द्यायचा नाही. एप्रिलच्या सोलापुरात घाम येऊ द्यायचा नाही! विरेश घरात पंख्याखाली पालथा पडून सगळ्या दुनियेला शिव्या घालत राहिला. पट्टी निघाली तेव्हा बाकीच्या चौकटी कोऱ्या होत्या. एकीच्या जागी कातडी तांबडीलाल होऊन टरारली होती.

"हेच," बाई म्हणाल्या. "कातडीनं आता याची ओळख ठेवलीय. जन्मभर विसरणार नाही. थोडं जरी लागलं तरी पुन्हा उठणार."

"जन्मभर? बाई, मी काय गुन्हा केला? डबीवर झाडाचं चित्र बघून घेतली की मी!"

"काही देशांत अंगावर तसंच राहणाऱ्या क्रीममध्ये हे घालायला बंदी आहे," बाई म्हणाल्या. "आपल्याकडं तुम्हालाच वाचून घ्यावं लागेल. हे मलम मी सांगते तेवढेच दिवस लावा. नंतर साधी पांढरी पेट्रोलियम जेली. त्यात पाणी नसतं, म्हणून टिकवायचं औषधही नसतं."

झाडाचं नाव लावलेली वस्तू जाळते आणि खनिज तेलातून निघालेली वस्तू बरी करते, हे विरेशच्या डोक्यात शिरेना. बरं, जेलीला दम धरावा लागतो. दम हा त्याचा माल नव्हता. आरोहीच्या बशीतल्या पेशी त्याच्या मनात घर करून बसल्या होत्या. त्यानं टिळक चौकातल्या रसवाल्याकडून डाळिंबाच्या सालींची पिशवी भरून आणली आणि शिवलीला बाजारात गेलेली बघून साली चुलीवर कढत ठेवल्या. भांडं कुठलं, तर तिची लोखंडी कढई. सालीतला तुरटपणा लोखंडाला भिडला आणि पाणी बघता बघता शाईसारखं काळंभोर झालं. विरेशला वाटलं, चांगला कडक अर्क उतरला. पाणी कोमट होताच त्यानं चिरा पडलेले दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात बुडवले आणि असा ओरडला, की शेजारची सुंदरम्मा धावत आली.

शिवलीला परतली तेव्हा नवरा कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे हात घेऊन उंबऱ्यावर बसला होता.

"अय्यो! माजी कढई!" ती आधी म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडं बघून आरोहीला फोन लावायला आत गेली.

आरोही आली ती तापूनच आली. "मामा, कुणी सांगितलं होतं हे?"

"तूच! तूच म्हनलीस पेशी वाचत्यात."

"बशीतल्या! बशीतल्या पेशींना शरीर नसतं मामा. तुमच्या अंगात पहारेकरी आहेत, त्यांनी त्या औषधाला शत्रू म्हणून धरलंय. माझी साल त्यांची समजूत नाही घालू शकत. आणि तुम्ही काय, फुटक्या कातडीवर उकळलेला काढा..."

"मग कशाला करतीस हे?" विरेश उभा राहिला. काळे हात त्यानं तिच्या तोंडासमोर नाचवले. "माज्या हाताला उपेग न्हाय, कुनाच्याच हाताला न्हाय. मग कुनासाटी मारतीस त्या पेशी आन कुनासाटी वाचवतीस? इख घालायचंच कशाला म्हनून का न्हाय इचारत तुमच्यातलं कोन?"

आरोहीचे डोळे भरले. पण ती हडपदांच्याच घरची. "ते विचारायला मला कुणी पगार देत नाही," ती म्हणाली आणि चहा न घेता निघून गेली. मग बरेच दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. हातांचा काळा रंग मात्र जाता जाईना, आणि उरलीसुरली गिऱ्हाइकंही बिचकली.

दिवाळीनंतर, लग्नसराईच्या तोंडावर, शिवानंद शेठकडून सगळ्या सलूनवाल्यांना आणि पार्लरवाल्यांना बोलावणं आलं. मुंबईची एक कंपनी नवं क्रीम घेऊन येणार, मंगल कार्यालयात प्रात्यक्षिक, नंतर जेवण. विरेश जाणार नव्हता. शिवलीलानंच त्याला ढकललं. दुकान चालवायचं तर माल देणाऱ्याशी वाकडं घेऊन भागणार नव्हतं.

तो मागच्या खुर्चीत बसला. पुढं पडद्यावर फोडलेलं डाळिंब, दाणे माणकासारखे चमकत होते. कंपनीचा माणूस कोट घालून, माइक तोंडाला लावून बोलत होता. "रोजच्या रसायनांपासून तुमच्या त्वचेच्या पेशींचं रक्षण करणारं डाळिंबाचं कवच! आणि अभिमानाची गोष्ट अशी, की हे संशोधन तुमच्या सोलापुरातच झालंय. सालीचा अर्क घातला, की पेशी वाचतात. सायन्सनं सिद्ध केलंय."

विरेशनं कान टवकारले. हे शब्द त्यानं ऐकले होते. त्याच्याच दुकानात, त्याच्याच भाचीच्या तोंडून. नमुन्याच्या डब्या रांगेतून फिरत आल्या. त्यानं एक घेतली, आरोहीनं काढला होता तसा मागच्या अक्षरांचा फोटो काढला, बोटांनी ताणला. ओळीच्या शेवटी ते लांबलचक नाव बसलेलं होतं.

तो उठला. "ओ साहेब! ह्यात ते मिथाइल... आयसो..." जीभ अडखळली. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"मिथाइलआयसोथायाझोलिनोन," कोटवाल्यानं हसत वाक्य पुरं केलं. "बरोबर सर. कायद्यानं ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे. क्रीम टिकायला नको का? आणि म्हणूनच तर आपण डाळिंब दिलंय!"

दोन-चार टाळ्या पडल्या. उत्तर सफाईदार होतं. विरेशला त्यातलं शास्त्र खोडून काढता येत नव्हतं. पण आत जे पेटलं होतं त्याला शास्त्र लागत नव्हतं.

"म्हंजे जाळायचं बी तुमीच आन फुंकर बी तुमीच इकायची?" तो दोन्ही हात वर करून मधल्या वाटेनं पुढं निघाला. "बगा की! बगा समद्यांनी! ह्यो तुमचा मर्यादेतला माल! मारायचं बी तुमी, हळद बी तुमी लावायची, आन दोन्हीचं पैसं आमच्याकडनं घ्यायचं?"

कडेच्या खुर्च्यांवरची माणसं त्याच्या हातांपासून अंग चोरून बसली. तेवढं त्याला दिसलं आणि आणखी भडका उडाला. शिवानंद शेठ लगबगीनं आला, दंडाला धरून हळू आवाजात म्हणाला, "विरेश, आजार घरात ठेवायचा आसतो. चारचौघांत आणायचा नसतो."

विरेशनं नमुन्याची डबी उघडून शेठपुढं धरली. "लावा की मग तुमी. लावा! दिवसभर चोळा, रोज चोळा, माज्यावानी. मग आपन दोगं बोलू."

शेठचा अंगठ्यांनी भरलेला हात खिशात गेला. कोटवाल्यानं माइकवर जाहीर केलं की जेवण तयार आहे. आणि माणसं उठून जेवायला गेली. कुणी विरेशला मारलं नाही, कुणी बाजू घेतली नाही. पुऱ्यांचा वास सुटला होता आणि सगळे तिकडं गेले.

तो जिना उतरत होता तेव्हा मागून हाक आली, "अण्णा." अशोक चौकातला गुंडा नावाचा पोरगा होता. पंचविशीतला सलूनवाला, हातात कायम काळे रबरी मोजे. लोक म्हणायचे, फॅशन करतो. गुंडानं इकडंतिकडं बघून एक मोजा ओढून काढला. तशाच चिरा, तसंच सोलवटलेलं कातडं. रबराच्या आत घामानं आणखी भिजलेलं.

"मी आत बोलनार हुतो अण्णा. पर गिऱ्हाईक तुटंल."

"मग आता जिन्यात कशाला दावतोस?" विरेश त्याच्यावर खेकसला. "मी आत हात वर केलं तवा तुजा हात कुटं हुता? खिशात? त्या शेठवानी?"

गुंडाची मान खाली गेली. विरेश चार पायऱ्या उतरला, थांबला, परत वर आला. "उद्या दवाखान्यात चल माज्याबरोबर," तो तशाच खेकसलेल्या आवाजात म्हणाला. "आन ते मोजं फेक."

तिथून तो तडक आरोहीच्या कॉलेजच्या फाटकाशी गेला आणि ती बाहेर येताच त्यानं डबी तिच्या हातात कोंबली. तिनं वाचलं. डाळिंबाचं चित्र पाहिलं.  तिचा पांढराफटक पडलेला चेहरा बघून विरेशला उमगलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. कंपनीशी बोलणं तिच्या सरांचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सरांपुढं उभी राहिली. सर म्हणाले, "आपण खोटं काय बोललो? पेशी वाचल्या की नाही?" ती म्हणाली, "बशीत वाचल्या. अर्धं बोललो आपण." तिचा शोधनिबंध छापायला जायचा होता. हे निष्कर्ष काचेतल्या पेशींपुरते आहेत, यावरून कुठल्याही क्रीमचा दावा करू नये, असं वाक्य तिनं शेवटी घातलं. सरांनी खोडलं. तिनं पुन्हा घातलं, आणि ते राहणार नसेल तर माझं नाव काढा म्हणाली. राबणारे हात तिचेच होते, नाव काढून भागणार नव्हतं. वाक्य राहिलं. त्या वर्षाअखेर तिचं काम काही पुढं वाढवलं गेलं नाही. आता ती मंगळवेढ्याच्या एका कॉलेजात तासावर शिकवते, रोज एस.टी.नं जाते-येते. मामाकडं जेवायला मात्र पुन्हा येऊ लागली. दोघं जेवताना भांडतात, पण ताटावरून कुणी उठत नाही.

गुंडाची पाठही त्याच चौकटीला टरारली. मग विरेश गावातल्या सलूनांतून फिरायला लागला. आत शिरायचा आणि कुणाची भीडभाड न ठेवता म्हणायचा, "हात दाव." काहींनी हाकलून दिलं. एकानं, "आमच्या धंद्याची बदनामी करतोस," म्हणून कॉलर धरली. काहींनी शटर अर्धं ओढून घेतलं आणि मग हात पुढं केले. एका पार्लरवालीनं तर रडत रडत सांगितलं, की नवऱ्याला हात दिसू नयेत म्हणून ती घरातसुद्धा पदराखाली घेऊन वावरते. प्रत्येकाला वाटत होतं, हे आपलं एकट्याचं दुखणं, आपलंच काहीतरी पाप. विरेशला राग आला तो याचा सगळ्यात जास्त. कंपनीला डबीमागं लपता येतं आणि ज्याचं कातडं गेलं त्यानं पदराखाली लपायचं!

एके दिवशी अशा सगळ्यांनी मिळून आपापल्या दुकानातल्या तसल्या डब्या शिवानंद शेठच्या गल्ल्यापुढं नेऊन ठेवल्या. भर बाजारात तमाशा नको म्हणून शेठनं निमूट परत घेतल्या, बदल्यात कात्र्या, फडकी, दुसरा माल दिला. लोक खूश होऊन गेले. विरेशही गेला. आठवड्यानं तो नवी पेठेतून चालला होता, तर त्याच डब्या, एकीचं टोपण त्याच्याच दुकानात पिचलेलं, फळीवर पुन्हा मांडलेल्या.

विरेश आत गेला नाही. दुकानाच्या दाराशी रस्त्यावर उभा राहिला आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्यानं सांगायला सुरुवात केली. "बाई, डबी उलटी करून वाचा. ताई, पुढचं चित्र बघू नगा, मागचं बघा." ते लांब नाव त्यानं आता तोंडपाठ केलं होतं, तुकडे पाडून, ठसक्यात. शेठनं आधी विनवलं, मग दमदाटी केली, मग हवालदार बोलावला. हवालदार म्हणाला, "रस्त्यावर उभं राहून वाचा म्हणणं हा गुन्हा कसा लिहू?" आणि निघून गेला. दर सुट्टीच्या वारी विरेश तिथं जाऊ लागला.

एवढं करून झालं काय? ते डाळिंबाचं क्रीम त्या लग्नसराईत धो धो खपलं. आजही खपतं. शेठनं ते औषध नसलेलं एक क्रीम आणून ठेवलंय, पण मागच्या फळीवर; मागितलं तरच काढतो. गुंडानं वस्तरा सोडला आणि एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घडी घालायच्या कामाला लागला. विरेशचे हात पांढऱ्या जेलीवर आणि बाईंच्या औषधावर पुष्कळ सुधारले. कातडी पातळ राहिलीय, ऊन लागलं तरी चुरचुरते, पण भाकरी तो स्वतः मोडतो. दुकानात आता साबणाची वडी, ब्रश, केस आणि दाढी. फेशियल बंद. दोनातली एक खुर्ची विकली.

परवा एक जण नवरदेव पोराला घेऊन आला. पोराच्या हातात तीच डबी. "घरचंच क्रीम आणलंय, तुम्ही फक्त हात फिरवायचा," बाप म्हणाला. विरेशनं डबीला बोटसुद्धा लावलं नाही.

"हितं हुनार न्हाय."

"अहो, सगळीकडं करतात की."

"करूंद्यात. दाढी करायची आसंल तर बसा, न्हाय तर वाट मोकळी हाय."

बापलेक पुटपुटत गेले. डबा घेऊन आलेल्या शिवलीलानं ते दारातून ऐकलं. "अवो, लग्नसराई हाय. जरा गोड बोलावं मानसानं."

"गोड बोलायला त्या डबीवर डाळिंब हाय की," विरेश म्हणाला, "मी कशाला पायजे?"

आणि साबणाच्या वडीवर त्यानं ब्रश असा घासायला घेतला, की फेस वाटीबाहेर उतू गेला.